गणवेश उतरविण्यापूर्वी

सैन्यातून निवृत्त होणारा जवान बहुधा पस्तीस ते चाळीसच्या घरात असतो. मुले शाळेत असतात, गावाकडील घराचे बांधकाम अर्धेमुर्धे झालेले असते आणि त्याच्याच वयाचा कचेरीतील कारकून पुढील वीस वर्षांच्या बढत्यांचा हिशेब करीत असतो. सैन्यदल तरुण राहावे, म्हणून राष्ट्र आपल्या जवानाला लवकर निरोप देते. त्याला दुसऱ्या नोकरीची वाट मोकळी करून देणे हा काही उपकार नव्हे. ते राष्ट्राचे कर्तव्यच होय.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार सरळसेवा भरतीत क गटातील १० टक्के व ड गटातील २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँका यांत हेच प्रमाण अनुक्रमे १४.५ व २४.५ टक्के आहे. हे आरक्षण समांतर स्वरूपाचे आहे. म्हणजे निवड झालेला माजी सैनिक ज्या सामाजिक प्रवर्गाचा असेल, त्याच प्रवर्गात त्याची जागा मोजली जाते.

शिक्षणाची अटही काही अंशी शिथिल आहे. मॅट्रिक झालेल्या व किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाचा, क गटातील राखीव पदासाठी, पदवीची अट असली तरी विचार होऊ शकतो. मात्र तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक असणाऱ्या पदांना ही सवलत लागू नाही.

वयाचे गणित

पुष्कळ जवान "आता आपले वय उलटून गेले" असे समजून अर्जच करीत नाहीत. वस्तुतः प्रत्यक्ष वयातून सैनिकी सेवेची वर्षे वजा करावयाची असतात, आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसावे, एवढीच अट आहे. समजा, एखादा जवान १९ व्या वर्षी भरती झाला व १७ वर्षे सेवा करून ३६ व्या वर्षी घरी आला. नियमाच्या दृष्टीने त्याचे वय १९ च! पदाची मर्यादा २५ वर्षांची असल्यास तो पुढेही कित्येक वर्षे पात्र राहतो.

कुटुंबीयांचा वाटा

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वरील १० व २० टक्के जागा स्वतः माजी सैनिकांच्या आहेत. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करता येत नाहीत. तथापि उपक्रम व बँका यांच्या प्रमाणातील ४.५ टक्के हिस्सा विकलांग माजी सैनिक आणि रणांगणावर कामी आलेल्यांचे आश्रित यांच्यासाठी आहे. सेवेत असताना जवानाचे निधन झाल्यास त्याच्या आश्रिताला अनुकंपा नियुक्तीसाठीही अर्ज करता येतो.

मग जागा रिकाम्या का राहतात?

खेदाची गोष्ट अशी की, राखीव जागांपैकी अनेक जागा पात्र उमेदवारांअभावी भरल्याच जात नाहीत. आरक्षण दार उघडते. उंबरठा मात्र स्वतःच्या पायांनीच ओलांडावा लागतो. लेखी परीक्षा कोणालाही चुकलेली नाही, आणि वही-पेन्सिलीची मोडलेली सवय एका महिन्यात परत येत नाही.

म्हणून तयारी निवृत्तीनंतर नव्हे, आधीच सुरू व्हावी. सेवेच्या अखेरच्या वर्षात नागरी पदांसाठी अर्ज करण्यास मुभा आहे. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत अंकगणित, इंग्रजी व संगणक यांचा अभ्यास करावा. पत्नीचे व मुलांचे नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरने बिनचूक नोंदली गेली आहे ना, हे पाहावे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव व लष्करी कागदात दुसरे, या क्षुल्लक चुकीपायी घरच्यांची फार धावपळ होते. घरी येताच जिल्हा सैनिक मंडळात नाव नोंदवावे.

आणखी एक सूचना. पहिली सरकारी नोकरी राखीव जागेवर स्वीकारली की पुढील आरक्षणाचा हक्क सामान्यतः संपतो. परंतु रुजू होण्यापूर्वी इतर पदांसाठी केलेल्या अर्जांचा तारीखवार तपशील प्रतिज्ञापत्रासह रुजू होताच नव्या कार्यालयास दिला, तर त्या अर्जांपुरता हक्क अबाधित राहतो. २०१४ सालच्या आदेशाने मिळालेली ही सवलत अनेकांना ठाऊकच नसते.

गृहिणींनो, आपले यजमान सीमेवर असतील आणि आपण देवळालीस, जबलपुरास वा सिकंदराबादेस मुलांचा अभ्यास घेत असाल. पुढील रजेत त्यांच्यासमोर चहाबरोबर एक कोरी वहीही ठेवा. संध्याकाळी मुलांच्या शेजारी वडीलही अभ्यासाला बसू द्या. ज्याने देशाची राखण केली, त्याची हक्काची जागा केवळ माहितीअभावी रिकामी राहू नये.