कोऱ्या रबराचा निकाल

दिवाळी अवघ्या आठवड्यावर आली असताना, 26 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर इंडियन ग्रां प्रिची पात्रता फेरी आटोपली आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत कोणी कोठून सुटावयाचे याचा निवाडा करणारा कागद प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या कागदाच्या पहिल्या ओळीविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. सेबॅस्टियन वेटेलने 5.125 किलोमीटरची ती वाट 1 मिनिट 24.119 सेकंदांत कापली होती आणि दुसऱ्या आलेल्या निको रोसबर्गला पाऊण सेकंदाने मागे टाकले होते. ज्या खेळात सेकंदाच्या सहस्रांशावरून माणसे हमरीतुमरीवर येतात, त्या खेळात पाऊण सेकंद म्हणजे एक योजनच म्हणावयाचे. दर्दी मंडळींच्या शनिवार रात्रीच्या मसलतीचा विषय होता तो चौथी ओळ. तेथे वेटेलच्याच रेड बुल संघातील मार्क वेबरचे नाव होते, तो वेटेलहून जवळजवळ एक सेकंद मंद ठरला होता, आणि तरीही उद्याच्या हिशेबात खरा पहिला तोच तर नव्हे, अशी शंका जाणत्यांना छळीत होती.

शंकेचे मूळ टायरच्या कडेवरील रंगात होते. पिरेली कंपनीने या शर्यतीसाठी दोन जातींचे कोरडे टायर धाडले होते, मऊ जातीवर पिवळी खूण आणि मध्यम जातीवर पांढरी. त्या काळचा शिरस्ता असा की, कोरड्या हवेतील शर्यतीत प्रत्येकाने दोन्ही जाती वापरल्याच पाहिजेत, आणि पात्रता फेरीच्या अखेरच्या सत्रात पोहोचलेल्या पहिल्या दहांनी ज्या टायरवर आपली सर्वोत्तम वेळ नोंदविली, त्याच टायरवर रविवारी शर्यतीस आरंभ केला पाहिजे. वेटेलने पिवळ्या टायरवर पहिला क्रमांक मिळविला, म्हणजे त्या क्रमांकाबरोबर तो थकलेला पिवळा टायरही त्याच्या गळ्यात पडला. वेबरने, आणि आठव्या आलेल्या फर्नांडो अलोन्सोनेही, जाणूनबुजून पांढरा टायर पत्करून शनिवारचे काही दशांश सेकंद रविवारच्या खात्यात ठेव म्हणून टाकले. ही ठेव व्याजासह परत मिळते की बुडते, हा वरकरणी जुगाऱ्याचा प्रश्न वस्तुतः पदार्थविज्ञानाचा आहे.

शालेय पुस्तकात घर्षणाचा जो नियम शिकवितात, त्याप्रमाणे घर्षणबल भाराच्या प्रमाणात वाढते आणि स्पर्शक्षेत्र लहान की मोठे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. लाकडाचा ठोकळा फळीवरून ओढणाऱ्या विद्यार्थ्याला तो नियम पुष्कळसा पटतोही. रबर मात्र हे फर्मान जुमानीत नाही. रस्त्यातील खडीच्या सूक्ष्म उंचवट्यांवर दाबले गेले की ते त्यांच्या अंगावर पसरते, त्यांच्या खाचांत शिरते, आणि भार वाढेल तसतसे घर्षणाचे भाराशी असलेले प्रमाण घटत जाते. तस्मात् तोच भार रुंद पट्ट्यावर वाटून दिला तर पकड अधिक मिळते, आणि त्या काळी या मोटारींचे मागील टायर सव्वातीनशे मिलिमीटर रुंद असत ते काही दिमाखासाठी नव्हे. आपल्याकडे झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला 'गोटा' म्हणतात आणि अशा गोट्यावर घाट उतरणाऱ्या मालट्रकला पाहून छातीत धस्स होते, ते योग्यच आहे, कारण टायरवरील नक्षीचे काम पावसाचे पाणी बाजूला सारण्याचे असते. परंतु रस्ता कोरडा असेल तर प्रत्येक खाच म्हणजे वाया गेलेले स्पर्शक्षेत्र होय, आणि म्हणून शर्यतीचा कोरडा टायर जन्मतःच गोटा असतो.

रबराची पकड दोन वाटांनी येते. एक तर त्याचे लांबच लांब रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणमात्र चिकटतात आणि ओढून सोडविले जातात. दुसरे असे की, उंचवट्यावर दबलेले रबर पूर्ववत होते खरे, पण काहीसे अनिच्छेने, विलंबाने, आणि त्या विलंबात दाबण्यासाठी खर्चिलेल्या ऊर्जेचा काही अंश त्याच्या पोटात उष्णता होऊन राहतो. म्हणजे पकड आणि उष्णता ही एकाच व्यवहाराची जमा व खर्च आहेत. थंड रबराचे रेणू आखडलेले असतात, म्हणून शर्यतीपूर्वी टायरना विजेच्या दुलया पांघरून ऊब देतात. फार तापलेल्या रबराचे बळ सरते, आणि या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात टायरला राखणे हे ड्रायव्हरच्या कौशल्याचे, प्रेक्षकाला कधीच न दिसणारे, अर्धे अंग आहे. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधकासह रबर तापवून त्या सुट्या रेणूंना दुव्यांनी बांधण्याची युक्ती हस्तगत केली. आजचा रसायनज्ञ ते दुवे किती घट्ट घालावयाचे, काजळी किती आणि तेल किती मिसळावयाचे, याचा मेळ बदलून मऊपणा ठरवितो. मऊ मिश्रण लवकर तापते, चटकन पकडते आणि तितक्याच चटकन म्हातारे होते.

हे म्हातारपणही एकाच प्रकारचे नसते. पुरेसा न तापलेला पृष्ठभाग ताणाखाली फाटून त्याचे बारीक कण टायरलाच चिकटतात आणि गाडी जणू वाळूवरून धावू लागते. याला ग्रेनिंग म्हणतात. उलट, अंतर्भाग अति तापला तर आत फुगे धरून वरचा थर उडतो, ते ब्लिस्टरिंग. बुद्ध सर्किटवर घड्याळाच्या दिशेने धावताना उजवीकडचे एक लांबलचक जोडवळण येते, त्यात डाव्या अंगाच्या टायरना बराच वेळ दम घेऊ न देता राबविले जाते. शिवाय वर्षाकाठी फारसे वापरात नसलेले हे सर्किट धुळीने माखलेले असे.

आता दर्दी लोकांचे गणित पाहावे, कारण ते दिसते त्याहून चमत्कारिक आहे. कल्पना करा की एखादा टायर दर फेरीला सेकंदाच्या एका दशांशाने मंदावतो. वीस फेऱ्यांत साचलेले नुकसान एकोणीस सेकंदांचे होते; पण फेऱ्या दुप्पट, म्हणजे चाळीस केल्या, तर नुकसान दुप्पट न होता अठ्ठ्याहत्तर सेकंदांवर जाते, कारण ही थकबाकी फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्ये एकदा थांबून टायर बदलण्यास सुमारे बावीस सेकंद लागतात असे धरले, तर थांबणाऱ्याचा एकूण खर्च साठ सेकंद, न थांबणाऱ्याचा अठ्ठ्याहत्तर. निवाडा उघड आहे. परंतु झीज दशांशाऐवजी त्याच्या निम्मी असेल, तर न थांबणारा एकोणचाळीस सेकंद गमावतो आणि थांबणारा एक्केचाळीस, म्हणजे पारडे फिरले! दर फेरीमागे पाच शतांश सेकंदांचा हा फरक शुक्रवारच्या सरावातून हुडकून काढावयाचा, आणि तोही अशा वेळी की, 2010 पासून शर्यतीत इंधन भरण्यास मनाई असल्यामुळे आरंभी दीडशे किलोच्या आसपास इंधन वाहणारी त्या काळची मोटार फेरीगणिक हलकी आणि वेगवान होत असे. टायरचे वार्धक्य आणि टाकीचे रितेपण परस्परांना झाकीत असतात. जो फेऱ्यांच्या वेळा नुसत्या वाचतो आणि ही दोन खाती वेगळी करीत नाही, त्याच्या भाकितावर प्रस्तुत लेखक तरी पैज लावणार नाही.

मसलतीत भर पडली होती ती टायर बनविणाऱ्यांच्याच सूचनेने. त्याच वर्षी जूनअखेर सिल्व्हरस्टोन येथे भर शर्यतीत हॅमिल्टन, मासा आणि आणखी काही जणांचे टायर फाटले होते, त्यानंतर टायरची रचना बदलली गेली होती, आणि ताकही फुंकून पिणाऱ्या पिरेलीने भारतात सल्ला दिला की, मऊ टायर पंधरा आणि मध्यम टायर पस्तीस फेऱ्यांपलीकडे ताणू नये. तो सल्ला होता, हुकूम नव्हता. साठ फेऱ्यांच्या शर्यतीत पंधरा अधिक पस्तीस म्हणजे पन्नास. उरलेल्या दहांसाठी आणखी एक थांबा क्रमप्राप्त होता, निदान कागदावर.

रविवारी वेटेल पहिल्या स्थानावरून सुटला, आणि दुसऱ्याच फेरीच्या अखेरीस टायर बदलण्यासाठी आत वळला! पिवळ्या टायरवर आरंभ करावा एवढेच नियम सांगत होता, त्यावर किती काळ राहावे हे सांगत नव्हता. वेटेलने ते ओझे दोन फेऱ्यांत उतरवून पांढरे टायर चढविले आणि पार मागच्या घोळक्यात तो जाऊन पडला. येथेच शनिवारच्या गणिताची परीक्षा होती. पुढच्या मोटारीने घुसळलेल्या हवेत मागच्या मोटारीला रस्त्यावर दाबणारा वाऱ्याचा भार घटतो, ती घसरते, आणि घसरणारा टायर अधिकच तापतो. म्हणून गर्दीत सापडलेल्याचे रबर लवकर संपते हा सर्वमान्य सिद्धांत. वेटेल त्या गर्दीत रेंगाळलाच नाही. एकेकाला ओलांडीत तो वर आला, एकतिसाव्या फेरीला पुन्हा टायर बदलले, आणि अठ्ठाविसाव्या फेरीपर्यंत पांढऱ्यावर टिकून मग थोड्या फेऱ्यांपुरता पिवळा टायर लावून मोकळा झालेला वेबर त्याच्या मागे दुसरा राहिला. वेबरची ठेव अखेर काय उत्पन्न देती हे ठरण्यापूर्वीच अल्टरनेटर बिघडून त्याची मोटार बंद पडली, त्यामुळे तो दावा निकालाविनाच दप्तरात गेला.

शनिवारच्या चर्चेत ज्याचे नाव क्वचितच निघाले असेल तो लोटसचा रोमाँ ग्रोजाँ. पहिल्याच सत्रात बाद होऊन सतराव्या स्थानी फेकला गेलेला हा गृहस्थ तेराव्या फेरीला एकदाच थांबला आणि उरलेल्या सत्तेचाळीस फेऱ्या, म्हणजे सल्ल्याहून तब्बल बारा अधिक, एकाच पांढऱ्या संचावर काढून तिसरा आला. त्याचाच सहकारी किमी रायकोनेन सातव्याच फेरीला थांबून हीच करामत करू गेला, पण त्याचे रबर अखेरच्या टप्प्यात गतप्राण झाले. मागून येणाऱ्या ग्रोजाँला वाट देण्यावरून रेडिओवर त्याच्या संघाकडून जे शब्द उच्चारले गेले ते या पुरवणीत छापण्याजोगे नाहीत. नाइलाजाने नवे टायर घेऊन तो सातवा आला, आणि त्या कोऱ्या रबरावर अखेरीस त्याने सबंध शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी नोंदविली.

वेटेल रोसबर्गपेक्षा सुमारे तीस सेकंद आधी पोहोचला आणि सलग चौथ्यांदा जगज्जेता झाला. विजयानंतर मोटार नियमाप्रमाणे आत नेण्याऐवजी त्याने ती मुख्य प्रेक्षकगृहासमोर आणली आणि जागच्या जागी गरगरा फिरविली. ज्या रबराचा दशांश-शतांशांनी हिशेब दोन दिवस चालला होता त्याचा पांढरा धूर करून त्याने तो सर्किटभर उधळला, मग खाली उतरून मोटारीपुढे गुडघे टेकले. त्या धुराबद्दल अधिकाऱ्यांनी वेटेलला ताकीद दिली आणि त्याच्या संघाला 25,000 युरो दंड केला.