कुणाचा मामा, कुणाचा तलाव?

सुट्टी म्हटली की मामाचं गाव. भंडारा जिल्हा त्याच्याही एक पाऊल पुढे: इथे तलावच मामा! सरकारी कागदांतसुद्धा 'मामा तलाव' असंच लिहितात. आईच्या भावाचा यात काडीचा संबंध नाही. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'ची दोन आद्याक्षरं तेवढी उरली. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावाकडे पोराबाळांसह चार दिवस मुक्कामाला निघाला असाल, तर हे गाडीतच सांगून टाका. नाहीतर पोरं प्रत्येक पाळीवर विचारतील, ''पण मामा कुठाय?''

नाव मालगुजारांचं, पण यातले कितीतरी तलाव बांधले कोहळी समाजाने. गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं, असं सांगतात. जमिनीचा उतार हेरायचा, मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खाली धान पिकवायचं. त्यातला सर्वांत गाजलेला नवेगाव बांध, कोलू पाटील कोहळींचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भोवतीच्या सात डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. म्हणजे मामाच नाही, मावश्याही आहेत! 1999 च्या वाटणीत हा तलाव गोंदिया जिल्ह्याकडे गेला.

आता आंधळगावची खरी मिजास: कोसा. रेशमाच्या किड्यांना घरात ठेवून तुतीचा पाला भरवतात, हे शाळेत शिकलो. कोशाचा किडा मात्र उघड्या रानात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. पक्षी-मुंग्यांपासून त्याची राखण करावी लागते. ती राखण पिढ्यान्‌पिढ्या कोण करतं? ढिवर. तेच, जे तलावात जाळं टाकतात. एक हात माशाला, एक हात रेशमाला! त्या धाग्याची करवतकाठी साडी आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर विणली जाते. काठावर करवतीसारखे दाते. काठाचा रंग अंगात मिसळू नये म्हणून विणकर एका धोट्याऐवजी तीन धोटे फिरवतो: एक मधल्या अंगासाठी, दोन काठांसाठी. मागावर बसून हे बघा, मग किमतीवर घासाघीस करायला जीभ रेटणार नाही.

किल्ला हवा? तुमसरकडचा आंबागड गाठा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सरदार राजा खान पठाण याने 1700 च्या सुमारास तो बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, अशी गोष्ट सांगतात. विहीर पोरांना दाखवा, पाण्याची बाटली मात्र घरूनच न्या.

देवदर्शन हवं? याच भागातल्या गायमुखाला जा. तिथे महादेवाचं ठाणं आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत निवांतपणाची अपेक्षा नको.

पश्चिमेला रामटेक, त्याच्याजवळ नगरधन, म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. इथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा वारल्यावर मुलं लहान असताना राज्य तिने सांभाळलं, तेही पाचव्या शतकात. रामटेकच्या अंबाळा तलावाकाठच्या घाटांवर आणि देवळांत संध्याकाळ सहज जाते.

एक गोम आहे. मामाचं गाव म्हणून तुम्ही मे महिन्यात याल आणि मामा आटलेला असेल! हे सगळे पावसावर भरणारे तलाव. दिवाळीनंतर, धान कापणीला आलेलं असताना या. तेव्हा पाणीही असतं आणि हवाही सोसते. येताना एक पिशवी रिकामी ठेवा: परतीच्या वाटेवर चिन्नोर तांदूळ घ्यायचा आहे.