शंकर आबाजी भिसे यांचे शोध व एकस्वे

शंकर आबाजी भिसे (२९ एप्रिल १८६७, मुंबई – ७ एप्रिल १९३५, न्यूयॉर्क) हे मराठी संशोधक व यंत्ररचनाकार होते. मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत त्यांचे कार्य झाले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध व सुमारे चाळीस एकस्वे (पेटंट) सांगितली जातात. मुद्रणासाठी लागणारे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध होय. अमेरिकेत त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हटले जाई. महाराष्ट्रात ही उपाधी पुष्कळदा उद्धृत केली जाते. मात्र त्यांनी नेमके काय शोधले आणि इतकी एकस्वे हाती असूनही त्यांचे यंत्र छापखान्यांत का रुजले नाही, याची माहिती तुलनेने कमी लोकांना असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

मुंबईतील जडणघडण

भिसे यांनी यंत्रशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाच्या वाचनातून त्यांना यंत्रांचे ज्ञान मिळाले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे लहानसे उपकरण बनवले होते. दगडी कोळसा बंद भांड्यात हवेवाचून तापवला की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतो व मागे कोक उरतो. हा वायू नळीने नेऊन जाळल्यास उघड्या कोळशाच्या मानाने धूर फारच कमी होतो. त्या काळी मोठ्या शहरांतील रस्त्यांवरचे दिवे याच वायूवर जळत. कारखान्यात चालणारी ही क्रिया एका शाळकरी मुलाने घरात करून पाहावी, यावरून पुस्तकी ज्ञान प्रत्यक्षात उतरवण्याची त्यांची वृत्ती लक्षात येते.

तरुणपणी त्यांनी हाताळलेले विषय विविध होते. कुणी उघडल्यास लगेच कळेल अशी बाटली, सायकलीसाठी विजेची साधने, मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाडीत पुढील स्थानकाचे नाव दाखवणारा दर्शक हे त्यांपैकी काही होत. एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर झाल्याचा भास निर्माण करणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करीत आणि असे प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्येही करून दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या रचनेसाठी लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले. त्यामुळे मुंबईतील पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. काँग्रेसचे एक प्रमुख कार्यकर्ते दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजी यांच्या नावे पत्र दिले आणि ते घेऊन भिसे लंडनला गेले.

लंडनमधील काम

दादाभाईंनी भिसे यांच्याशी रीतसर करार करून त्यांच्या संशोधनाला पाठबळ दिले. हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो हे आकडेवारीने मांडणाऱ्या दादाभाईंनी एका हिंदी संशोधकाच्या यंत्रांत पैसा गुंतवावा, ही बाब त्यांच्या विचारांशी सुसंगतच होती. या काळात भिसे यांनी विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक तयार केला आणि तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावला गेला. स्वयंपाकघरातील साधने, दूरध्वनीचा एक प्रकार, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप असेही त्यांचे शोध होते. धुलाईसाठी उपयोगी असे एक संयुगही त्यांनी तयार केले होते.

अशा किरकोळ वस्तूंवर संशोधक आपला वेळ का घालवतो, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर व्यवहारात आहे. लहान वस्तूचे एकस्व विकून हाती येणाऱ्या पैशावर मोठ्या यंत्राचे काम चालू ठेवता येते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या त्या काळच्या बहुतेक संशोधकांची, खुद्द एडिसन यांचीही, सुरुवातीची वाटचाल अशीच झाली होती.

भिसोटाइप

भिसोटाइपचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचे मुद्रण कसे चाले हे पाहिले पाहिजे. प्रत्येक अक्षराचा धातूचा स्वतंत्र खिळा असे. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे आणि छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकावे लागत. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. त्यामुळे मराठी जुळाऱ्याचे काम इंग्रजी जुळाऱ्याच्या कामापेक्षा बरेच जिकिरीचे होते. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही प्रयत्न केले होते.

खिळा तयार होतो तो साच्यात. अक्षराचा खोलगट ठसा असलेली मातृका साच्याच्या एका टोकाला बसवतात आणि साच्यात वितळलेला धातू दाबाने सोडतात. हा धातू म्हणजे शिसे, कथील व अँटिमनी यांचे मिश्रण असते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर हे मिश्रण त्याहून कमी तापमानाला वितळते. अँटिमनीमुळे खिळ्याला कठीणपणा येतो, शिवाय थिजताना धातू फारसा आकसत नाही व अक्षराची कड स्पष्ट उमटते. इंग्लंड-अमेरिकेत खिळ्याची उंची ०.९१८ इंच ठरलेली होती. तीत केसभर फरक पडला तरी एक अक्षर गडद आणि शेजारचे फिके उमटे. म्हणून साच्याची अचूकता हे या साऱ्या उद्योगाचे मर्म होते.

यंत्राच्या वेगाला मर्यादा पडते ती साच्यामुळेच. धातू ओतणे क्षणाचे काम असले तरी तो थिजेपर्यंत थांबावे लागते. घाई केल्यास खिळा वाकतो किंवा आतून पोकळ राहतो. त्यातच सतत ओतकाम चालू असेल तर साचा तापत जातो आणि थिजण्याचा वेळ आणखी वाढतो. वेग वाढवायचा असेल तर साचा थंड ठेवण्याची युक्ती काढावी लागते, अथवा एकाच वेळी अनेक अक्षरे ओतावी लागतात. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या आजच्या कारखान्यांतही हाच प्रश्न असतो. दात घासण्याच्या ब्रशाची दांडी ओततानाही यंत्राचा पुष्कळसा वेळ साचा थंड होण्याची वाट पाहण्यात जातो आणि म्हणूनच एका साच्यात अनेक दांड्यांची घरे कोरलेली असतात. हे साम्य योगायोगाचे नाही. प्लॅस्टिक दाबाने साच्यात सोडणाऱ्या आरंभीच्या यंत्राचे एकस्व १८७२मध्ये अमेरिकेत घेणारे जॉन वेस्ली हायट हे तरुणपणी मुद्रणाचा व्यवसाय करीत होते, आणि त्यांच्या सेल्युलॉइडचा एक आरंभीचा उपयोग कृत्रिम दातांच्या कवळीसाठी झाला होता.

भिसे यांच्या आधी दोन यंत्रे बाजारात आलेली होती. ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप १८८६मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्रात सुरू झाले. ते एक संपूर्ण ओळ एकाच पट्टीत ओतीत असे. टॉल्बर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप एकेक खिळा ओतून ओळीत लावीत असे व त्याचा वेग मिनिटाला सुमारे दीडशे खिळे इतका होता. भिसोटाइपचा हेतू खिळे अधिक वेगाने आणि कमी खर्चात ओतण्याचा होता, जेणेकरून पुस्तके व वृत्तपत्रे स्वस्त व्हावीत. मिनिटाला १,२०० खिळे असा त्याचा वेग भिसे यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार सांगितला जातो. हा दावा मोनोटाइपच्या आठपट आहे. एकच साचा वापरून असा वेग गाठणे वर दिलेल्या कारणांमुळे शक्य दिसत नाही. म्हणून तो वाचताना अनेक खिळे एकदम ओतण्याची पद्धत गृहीत धरावी लागते. प्रयोगशाळेतील नमुना यंत्राचा उच्चांक आणि छापखान्यात रोज आठ तास टिकणारा वेग यांतील फरकही ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

भांडवलाचा प्रश्न

एकस्व म्हणजे शोधाचा संपूर्ण तपशील जाहीर करण्याच्या मोबदल्यात ठराविक वर्षांसाठी मिळणारा हक्क. हा हक्क इतरांना ती वस्तू बनवण्यापासून रोखण्याचा असतो. ती वस्तू स्वतः बनवण्यासाठी लागणारा पैसा त्यातून मिळत नाही. ब्रिटनमध्ये १८८३च्या कायद्याने अर्जाचे आरंभीचे शुल्क २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आणले, त्यामुळे अर्ज करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मात्र काही वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क सुरू होई आणि ते न भरल्यास हक्क संपे. एकूण मुदत १४ वर्षांची होती. खिळे ओतणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना बनवून त्यातील दोष काढण्यातच त्यातली कित्येक वर्षे निघून जात.

यात भर म्हणजे ब्रिटिश एकस्वाची हद्द ब्रिटनपुरतीच असे. हिंदुस्थानात १८८८चा स्वतंत्र कायदा लागू होता आणि त्याखाली वेगळा अर्ज करून ‘अनन्य विशेषाधिकार’ मिळवावा लागे. एकस्व नियंत्रकाचे पद १९११च्या कायद्याने निर्माण झाले. म्हणजे अनेक देशांत विक्री करू इच्छिणाऱ्या संशोधकाला देशोदेशी शुल्क भरणे भाग होते.

नमुना यंत्रापासून कारखान्यापर्यंत जाण्यासाठी लागणारी रक्कम दादाभाईंच्या आवाक्याबाहेरची होती. त्यांनी आपले मित्र हेन्री हिंडमन यांच्याकडे शब्द टाकला. हिंडमन हे ब्रिटनमधील समाजवादी चळवळीचे एक अग्रणी. भांडवलशाहीच्या या कडव्या टीकाकाराकडे भांडवल उभारण्याची कामगिरी यावी, हा या कथेतील विलक्षण भाग म्हणावा लागेल. त्यांनी प्रयत्न केले. पण पैसा उभा राहिला नाही. लायनोटाइप व मोनोटाइप यांच्या कंपन्या तोवर बाजारात पक्क्या बसल्या होत्या आणि त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या अननुभवी यंत्रात पैसा घालण्यास गुंतवणूकदार सहजासहजी तयार होत नसत.

१९०८च्या अखेरीस भिसे निराश होऊन मुंबईस परत निघाले. जहाजावर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखले यांनी हा विषय जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतनजी टाटा (सर रतन टाटा) यांच्या कानावर घातला. भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला रतनजींनी जी मदत केली, तीही गोखले यांच्याच द्वारे झाली होती. त्यांच्या आर्थिक साहाय्याने १९१०मध्ये लंडन येथे टाटा-भिसे शोध सिंडिकेट स्थापन झाले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात भांडवलाचा प्रश्न अन्य मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला व त्यातून १९०८मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एका बाजूस एका दात्याचे मोठे साहाय्य व दुसऱ्या बाजूस हजारो लोकांच्या पैशापैशाची वर्गणी असे हे दोन मार्ग होते. तळेगावचा कारखाना चालला, कारण काच बनवण्याची विद्या माहितीची होती व गिऱ्हाईक जवळ होते. भिसे यांच्या यंत्राला मात्र आधी अनेक वर्षांचे प्रयोग व नंतर युरोपातील बाजारपेठ या दोहोंची गरज होती. पहिल्या महायुद्धात दोन्ही गोष्टी दुरापास्त झाल्या आणि सिंडिकेटचे काम थांबले.

अमेरिकेतील काळ

महायुद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रात सुधारणा करून ‘आयडियल टाइप कास्टर’ या नावाने ते पुढे आणले. तथापि लायनोटाइप व मोनोटाइप यांचे स्थान त्यामुळे ढळले नाही. जुळाऱ्यांचे प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती करणारे कारागीर हे सारे त्या दोन यंत्रांभोवती उभे राहिले होते. छापखान्याच्या मालकाला नवे यंत्र घेताना या सर्व व्यवस्थेचा विचार करावा लागे.

उत्तर आयुष्यात त्यांना खरे यश दिले ते रसायनाने. आयोडीनपासून तयार केलेले ‘अटोमिडिन’ हे त्यांचे औषध अमेरिकेत विकले जाऊ लागले व त्यांच्या मृत्यूनंतरही त्याची विक्री चालू राहिली. औषधाचा लहानसा कारखाना थोड्या पैशात निघू शकतो, त्याला मुद्रणयंत्रासारखी अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही, हा फरक येथे उघड दिसतो. याच काळात मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या कल्पनेने एक ‘आत्मिक टंकलेखक’ही त्यांनी बनवला होता. त्यांचे गौरवपर चरित्र लिहिताना हा तपशील गाळण्याकडे कल असतो. परंतु त्या काळी युरोप-अमेरिकेतील अनेक नामवंत शास्त्रज्ञांना या विषयाचे आकर्षण होते, तेव्हा तो गाळण्याचे कारण नाही. १९३०मध्ये भिसे यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आजची कायदेशीर स्थिती

भारतात सध्या १९७०चा एकस्व कायदा लागू आहे. तो २० एप्रिल १९७२पासून अमलात आला आणि त्यात २००५पर्यंत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. एकस्वाची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे आहे. नावीन्य, शोधकतेची पायरी आणि औद्योगिक उपयोग या तीन कसोट्यांवर शोध उतरावा लागतो. पारंपरिक ज्ञानाला एकस्व मिळत नाही. म्हणून लवंग, बाभूळ किंवा कडुनिंब यांचे घराघरांत माहीत असलेले दंतमंजन कोणालाही जसेच्या तसे आपल्या नावावर करता येत नाही. शोध अर्जापूर्वीच जाहीर केला तर नावीन्याची कसोटी सहसा हुकते, त्यामुळे प्रदर्शनात किंवा वृत्तपत्रात यंत्र दाखवण्याआधी अर्ज करणे आवश्यक असते. पूर्ण तपशील तयार नसल्यास तात्पुरते विवरणपत्र दाखल करता येते व त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण विवरणपत्र द्यावे लागते. महाराष्ट्रातील अर्ज, मग तो मुंबईतील कारखानदाराचा असो वा जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या कारागिराचा, मुंबई येथील एकस्व कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज संगणकावरून दाखल करता येतो. एकट्या व्यक्तीला कंपनीच्या मानाने बरेच कमी शुल्क भरावे लागते. नूतनीकरणाचे शुल्क मात्र भिसे यांच्या काळाप्रमाणेच ठराविक वर्षांनंतर दरवर्षी भरावे लागते आणि ते न भरल्यास एकस्व संपुष्टात येते.