मोहाखाली जाळ नको

चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरला वनस्पती उद्यान आहे. आमच्या गटानं तिथं जायचं ठरवलं, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "मोह, चार, तेंदू तर आपल्या जंगलात रोजच पाहतो. त्यासाठी बागेत कशाला?"

प्रश्न बरोबर होता. जंगलात आपण कामाला जातो, नजर टोपलीवर असते. बागेत झाडापाशी निवांत थांबता येतं. म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येक झाडापाशी तीन गोष्टी विचारायच्या: याचं नाव काय, आपण याचं काय घेतो, आणि आपल्या शिवारात याची लहान रोपं आहेत का?

नावाचीच गंमत बघा. आपण मोह म्हणतो, हिंदीत महुआ, तर सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या बाया इप्पा म्हणतात. शास्त्रीय नाव मात्र सगळीकडे एकच, मधुका लाँगिफोलिया.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्या गप्प झाल्या. मोहाचं लहान रोप शेवटचं कधी पाहिलं, हे कुणालाच आठवेना.

असं का झालं? मार्च-एप्रिलमध्ये फुलं नीट दिसावी म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. त्यात कोवळी रोपं जळतात. आग पसरली तर जंगलही जातं. उरलेल्या बिया, म्हणजे टोळी, आपण तेलासाठी वेचून नेतो. मग नवं झाड येणार कुठून?

फुलं वेचण्यानं मोहाचं नुकसान होत नाही, हेही लक्षात ठेवा. खाली पडतात त्या रसाळ पाकळ्या. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. रात्री वटवाघळं येऊन परागीभवन करतात आणि पहाटे आपल्याला फुलं मिळतात. घातक आहे तो जाळ. चारोळीचं उलट आहे. लवकर माल हाती यावा म्हणून कच्ची फळं आणि फांद्याच तोडल्या, तर पुढच्या वर्षीचं उत्पन्न आपणच कमी करतो.

मग करायचं काय? पाला खराट्यानं झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जुनं लुगडं वा जाळी अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात, मातीही लागत नाही. प्रत्येक झाडाच्या थोड्या टोळी राखून ठेवा आणि पावसाच्या तोंडावर ताज्याच पेरा. मोहाची बी साठवली की लवकर निकामी होते. रोपाला फुलं यायला दहा-बारा वर्षं लागतात. आज लावलेलं झाड आपल्या मुलींच्या टोपलीत फुलं टाकेल.

जुनं जंगल कसं असतं ते पाहायचं असेल, तर आलापल्लीला जा. तिथं 6 हेक्टर नैसर्गिक जंगल 1953 पासून राखलेलं आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

जाताना एका म्हाताऱ्या आजीला आणि एका शाळकरी मुलीला सोबत न्या. आजी झाडाची जुनी नावं सांगेल, मुलगी ती वहीत लिहून घेईल. परत आल्यावर आपल्या शिवारातली मोहाची रोपं मोजा. किती निघाली, ते आम्हाला नक्की कळवा.