बरासी रेषेपलीकडचे प्रेक्षक

मेलबर्नचं मैदान आपल्या ओळखीचं झालं ते क्रिकेटमुळे. २६ डिसेंबरला पहाटे पाच वाजता, घरातले सगळे गाढ झोपेत असताना, टीव्हीचा आवाज बारीक करून मी ते कित्येक वर्षं पाहत आलो. लाखभर माणसं मावणारं हे मैदान हिवाळ्यात काय करत असेल, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात शिरला आणि पुढे त्याने पाठ सोडली नाही.

हिवाळ्यात तिथे फुटबॉल चालतो, पण आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू, एका संघात अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. हा ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ त्यातून उभा राहिला. सिडनी आणि ब्रिस्बेनला मात्र त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिथे राज्य रग्बी लीगचं, तेरा-तेरा खेळाडूंच्या धसमुसळ्या खेळाचं. मोनाश विद्यापीठातले इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात या दोन मुलुखांमध्ये चक्क सीमारेषा आखली आणि रॉन बरासी या नामवंत खेळाडूचं नाव तिला दिलं. आग्नेय किनाऱ्यावरच्या ईडनपासून निघून कॅनबेरा, ब्रोकन हिल, बर्ड्सव्हिल करत ती थेट उत्तरेच्या आर्नहेम लँडपर्यंत जाते. एकाच देशातले, एकच भाषा बोलणारे लोक रेषेच्या एका बाजूला एका खेळासाठी जीव टाकतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

जाहिरातदाराला दोन्हीकडचे लोक हवे असतात. तिथे गोष्ट सुरू होते.

कोणत्या खेळाला जास्त प्रेक्षक, यावर तिथे दरवर्षी वाद रंगतो. केवळ डोकी मोजून किंमत का ठरत नाही, हे मला एक सामना घड्याळ लावून पाहिला तेव्हा कळलं. रग्बी लीगचा सामना ८० मिनिटांचा, चाळीस-चाळीसच्या दोन डावांत उरकणारा. रूल्समध्ये वीस-वीस मिनिटांचे चार भाग, वर थांबलेल्या वेळेची भरपाई. प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मधोमध परत आणायचा आणि पंचाने तो वर उडवायचा. तेवढ्या अवकाशात एखादी जाहिरात आरामात बसते. प्रेक्षक तेवढेच धरले तरी विकायला क्षण जास्त मिळतात.

रेषा ओलांडायचा पहिला मोठा प्रयत्न १९८२ चा. मेलबर्नमधला ‘साउथ मेलबर्न’ हा कर्जात बुडालेला क्लब उचलून सिडनीला नेला. मेलबर्नमध्ये तेव्हा रविवारी रूल्सच्या लीगचे सामने होत नसत. सिडनीत ते खेळवायचे आणि टीव्हीवरून मेलबर्नच्या घराघरांत पोचवायचे, हा त्यातला मोठा हिशेब. माझ्या मते टीव्हीसाठी घर बदलायला लावलेल्या संघाचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण. २००५ मध्ये याच सिडनी स्वान्सने अवघ्या चार गुणांनी अंतिम सामना जिंकला, तेव्हा क्लबचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपला.

रग्बी लीगमधलं युद्ध जास्त कडवट. १९९५ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज लिमिटेडने खेळाडू आणि क्लब फोडून ‘सुपर लीग’ काढली. तिचं सारं लक्ष्य पे टीव्ही. समोर, जुन्या लीगच्या बाजूने, केरी पॅकर, आपल्याला १९७७ च्या बंडखोर क्रिकेटमुळे माहीत असलेले. १९९७ मध्ये एकाच खेळाच्या दोन स्पर्धा चालल्या, दोन्ही पोळल्या, आणि वर्षअखेर तह होऊन एनआरएल जन्मली. तिच्यात न्यूजचा अर्धा वाटा. तहाची किंमत मोजली क्लबांनी: संघ चौदावर आणायचे ठरलं आणि १९०८ पासून खेळणारा साउथ सिडनी १९९९ मध्ये बाहेर फेकला गेला. जॉर्ज पिगिन्स हे त्याचे अध्यक्ष, एकेकाळचे खेळाडू. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८० हजार माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली. २००१ मध्ये अपिलात क्लब जिंकला आणि २००२ च्या हंगामात परतला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल न्यूजच्या बाजूने फिरवला, पण तोवर संघाला पुन्हा हाकलायची कुणाची छाती नव्हती.

या शोधात मला खरं घबाड लागलं ते दुसऱ्याच खटल्यात. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही खेळांचे पे टीव्ही हक्क एकाच गोटात गेले. एएफएलसाठी, म्हणजे रूल्सच्या मुख्य लीगसाठी, न्यूजची पाच वर्षांची बोली ५० कोटी डॉलरची होती. चाळीसेक वर्षं रूल्स दाखवणाऱ्या सेव्हन नेटवर्ककडे शेवटच्या बोलीचा अधिकार होता. हा आकडा ऐकून त्यांनी तो वापरला नाही. रग्बी लीगचे पे टीव्ही हक्क फॉक्स स्पोर्ट्सने घेतले. विकणाऱ्या एनआरएलमध्ये न्यूज अर्धी मालक, घेणाऱ्या फॉक्स स्पोर्ट्समध्येही न्यूज अर्धी मालक. सेव्हनची सी-सेव्हन ही पे वाहिनी मे २००२ मध्ये बंद पडली. आपली वाहिनी संगनमताने मारली, असा दावा करत सेव्हनने बावीस जणांना कोर्टात खेचलं.

न्यायमूर्ती रोनाल्ड सॅकव्हिल यांचा निकाल २७ जुलै २००७ चा. सुनावणी १२० दिवस. संगणकात साठवलेले दस्तऐवज ८५,६५३, त्यांची पानं ५,८९,३९२. त्यांतली १,१५,५८६ पानं पुरावा म्हणून दाखल झाली. खटल्याचा खर्च २० कोटी डॉलरच्या घरात आणि सेव्हनने मागितलेली भरपाईही साधारण तेवढीच. हा खर्च नुसती उधळपट्टी नसून लाजिरवाण्या थराला पोचणारा आहे, असं न्यायमूर्तींनी अगदी सुरुवातीलाच लिहून ठेवलं. सेव्हन हरली. डिसेंबर २००९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

कायद्याने निकाल दिला, तो मान्य. विकणाराही तोच आणि घेणाराही तोच, हे मात्र मला आजही पटत नाही.

पुढचे आकडे चढतेच आहेत. एएफएलचे हक्क ७८ कोटी, मग १२५, मग २५० कोटी डॉलर; आणि २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ४५० कोटी. त्यांत एक भागीदार पुन्हा सेव्हनच.

आपल्याकडे त्याच २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. टीव्हीचे स्टारकडे, डिजिटलचे व्हायाकॉम-१८ कडे. एकमेकांवर बोली चढवणारे दोघे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते एकाच कंपनीत विलीन झाले. पुढच्या लिलावाच्या बातम्या येतील तेव्हा रकमेआधी बोली लावणाऱ्यांची नावं वाचा, आणि त्यांतली खरोखर वेगवेगळी किती, ते मोजा.