दाबून खातो, तरी अंगाला लागत नाही!

वजन उतरवायला आलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या सांगतो, ‘मॅडम, मी तर काहीच खात नाही.’ वजन वाढवायला आलेला धावपटू सांगतो, ‘मॅडम, मी दाबून खातो, पण अंगाला लागत नाही.’ साताऱ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ही दोन्ही वाक्यं सतत कानावर पडतात. पहिल्यावर माझा सहसा विश्वास बसत नाही, दुसऱ्यावर बसतो. पळणारं पोर खरोखरच पोटभर जेवत असतं. पण पोट भरलं म्हणजे पळण्याचा खर्च भरून निघाला असं नसतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या भागात पळणाऱ्यांची कमी नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हापासून गावागावांतल्या मुलींना पळायला घरून परवानगी मागणं थोडं सोपं झालं. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोलीस आणि सैन्य भरतीची पोरं पळतात. रविवारी यवतेश्वरच्या घाटात बँकवाले, डॉक्टर, शिक्षक आणि माझ्यासारख्या हौशी बायका धापा टाकत चढतात. यांतले काही जण मुळातच काटक असतात आणि निरोगी असतात, त्यांना खाण्याचा उपदेश करायची गरज नाही. मी लिहितेय ते ज्यांचं वजन खरोखर कमी आहे त्यांच्यासाठी.

डायरीचं एक पान

आलेल्या प्रत्येकाला मी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगते. भरतीची तयारी करणाऱ्या एका 23 वर्षांच्या मुलाच्या वहीतला एक दिवस असा होता. पहाटे पाचला कोरा चहा. मग बारा किलोमीटर. घरी आल्यावर पाणी, अंघोळ आणि एक केळं. नऊ वाजता बशीभर पोहे. दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, पातळ आमटी. पाचला चहा आणि चार बिस्किटं. रात्री पुन्हा दोन भाकऱ्या, वाटीभर भात, आमटी, भाजी, काकडी. उंची 172 सेंटिमीटर, वजन 52 किलो. म्हणजे बीएमआय साडेसतरा. प्रौढांसाठी 18.5 च्या खाली गेलं की वजन कमी धरतात. त्या रेषेवर यायला त्याला 55 किलोच्या जवळपास पोचायला हवं होतं.

आता हिशोब मांडू. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. बावन्न किलोचा मुलगा बारा किलोमीटर पळाला की सव्वासहाशे कॅलरी गेल्या. शरीर चालू ठेवणं, घरची-शेतातली कामं, सगळं धरून त्याला दिवसाला 2800 च्या आसपास लागत होत्या. वहीतल्या पानावर मात्र कशीबशी एकवीसशेची बेरीज होत होती. सहा-सातशेची तूट आणि तीही रोजची!

मग तो रोज वाळत का गेला नाही? कारण शरीर मोठं धोरणी असतं. उत्पन्न कमी पडलं की ते खर्चाला कात्री लावतं. पळायला आणि हृदय चालवायला आधी पैसा राखून ठेवतं, आणि हाडांची डागडुजी, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, झोप यांच्या वाट्याला उरलंसुरलं देतं. काट्यावर वजन स्थिर दिसतं, म्हणून घरच्यांना वाटतं की याची प्रकृतीच तशी. आतली काटछाट दिसते ती नडगीच्या न थांबणाऱ्या दुखण्यात, सारख्या होणाऱ्या सर्दीत, चिडचिडीत आणि कितीही सराव केला तरी न सुधारणाऱ्या वेळेत.

या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये ‘रेड-एस’ हे नाव दिलं. खेळाडूच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा सापेक्ष तुटवडा, असा त्याचा अर्थ. त्याआधी हा फक्त मुलींचा प्रश्न समजला जाई. आता मुलग्यांतही टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि हाडं ठिसूळ होतात हे मान्य झालंय. 2023 मध्ये समितीनं याविषयीचं निवेदन पुन्हा सुधारून काढलं.

पाळी थांबली तर

मैदानावर मुलींमध्ये एक समज पक्का बसलाय: पाळी थांबली म्हणजे सराव नीट चाललाय. मला या समजाचा मनापासून राग येतो. गर्भधारणा किंवा दुसरं कारण नसताना तीन महिने पाळी आली नाही, तर ती डॉक्टरकडे जाण्याची वेळ असते. इस्ट्रोजेन घटलं की हाडांची भरती मंदावते, आणि हाडं भरण्याचं वय हेच, विशीच्या आतबाहेरचं. अमेरिकेची मेरी केन ही विलक्षण वेगवान धावपटू. प्रशिक्षकांकडून वजन घटवण्याचा दबाव होता, त्या काळात तीन वर्षं पाळी बंद राहिली आणि पाच हाडं मोडली, असं तिनं 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. तिच्या दिमतीला नामांकित प्रशिक्षक होते. आपल्याकडे तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 18.7 टक्के स्त्रियांचा बीएमआय 18.5 च्या खालीच निघाला. म्हणजे कित्येक मुली पळायला लागतात त्याच तूट घेऊन.

आधी डॉक्टर कुणी गाठायचा?

न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली, बारीक ताप राहतो, खोकला जात नाही, तहान फार लागते, हात कापतात, सारखे जुलाब होतात, तर खाण्याचा तक्ता बाजूला ठेवा. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, जंत, गव्हातलं ग्लुटेन न सोसणं अशी कारणं आधी तपासावी लागतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही बघून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. पळताना चक्कर येणं किंवा एकाच हाडावर बोट ठेवताच कळ उठणं, यातही पळणं थांबवून तपासणी हवी. ज्याला जेवणाचीच भीती वाटते, खाल्लं की अपराधी वाटतं, त्याला आहारतज्ज्ञाइतकीच मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

आणखी एक सांगायलाच हवं. बीएमआय सोळाच्या खाली गेलाय किंवा कित्येक दिवस जवळजवळ उपाशी काढलेत, अशा माणसाला एकदम भरपेट खाऊ घालणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं उतरून जिवावर बेतू शकतं. तिथं वाढ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

ताट तेच, भर वेगळी

बाकीच्यांसाठी माझा सल्ला साधा असतो. भाकरीवर भाकरी रेटू नका. पळून आल्यावर भूक मरते आणि चोथ्याचे पदार्थ पोट लवकर भरतात. अशा वेळी वजन वाढवायचं म्हणून ताटभर कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं खाणारे भेटतात. ते पदार्थ चांगलेच, पण तूट त्यांनी भरत नाही. थोड्या जागेत जास्त ऊर्जा देणारं खाणं हवं, आणि सुदैवानं ते आपल्या फडताळात आधीच असतं: शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, गूळ, तूप, खजूर, सायीचं दूध.

त्या मुलाच्या वहीत आम्ही केलेली भर अशी. पळण्याआधी चार खजूर, म्हणजे शंभरेक कॅलरी. उपाशीपोटी पळणं बंद. आल्यावर तासाभरात म्हशीच्या पेलाभर दुधात केळं कुस्करून शिकरण आणि दोन उकडलेली अंडी. दुपारी भाकऱ्या दोनच, पण पातळ आमटीऐवजी घट्ट वरण किंवा पिठलं, आणि शेंगदाण्याची चटणी तेल घालून. पाचला बिस्किटांऐवजी दाण्याचे दोन लाडू. मूठभर दाणे आणि गुळाचा खडा असला तरी चालतो, त्यातून सव्वादोनशे कॅलरी मिळतात. रात्री भातावर दोन चमचे तूप, त्याच्या नव्वद. झोपताना दूध. चहा जेवणाला चिकटून घ्यायचा नाही, मध्ये तासभर जाऊ द्यायचा, नाहीतर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

हे सगळं पहिल्याच दिवशी सुरू केलं तर पोट बिघडतं. दर तीन-चार दिवसांनी एकेक गोष्ट वाढवायची. तूट भरून निघाल्यावर वर आणखी तीनशे ते पाचशे कॅलरी गेल्या की आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन चढतं. तीन किलोंना दोन-तीन महिने लागणार, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात किलोभर एकदम वाढलं तर दचकू नका. स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं. ती चरबी नसते.

उपवासाचा प्रश्न मुली हमखास विचारतात. निर्जळी उपवास आणि दहा किलोमीटर एका दिवशी नको, हे मी सासूबाईंच्या वयाच्या बायकांनाही सांगते. बाकी दाण्याचं भरपूर कूट घातलेली खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, दूध-रताळं हे पळणाऱ्या बारीक मुलीला चांगलंच आहे. माझ्या बाकीच्या पेशंटना मी खिचडीवरून रागावते, हिला वाढून घ्यायला सांगते.

वजन कुठं चढतंय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, अशी मिस्कील कबुलीही त्यात आहे. आपली माणसं अंगानं बारीक दिसली तरी पोटाशी चरबी धरून असतात, हे याज्ञिकांच्या कामातून जगापुढे आलं. त्यामुळे वडापाव-फरसाण खाऊन वाढवलेले तीन किलो काट्याला पटतील, पण घाटात कामाला येणार नाहीत.

वाढलेलं खाणं स्नायूंत जायला हवं असेल तर स्नायूंना काम द्यावं लागतं. आठवड्यातून दोनदा बैठका, जोर, खांद्यावर वजन घेऊन पायऱ्या चढणं, जमल्यास व्यायामशाळेत जाणकाराच्या नजरेखाली वजनं. नुसत्या शंभर-दोनशे बैठका मारण्यापेक्षा वजन घेऊन आठ-दहा नीट माराव्यात. प्रथिनं किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम धरावीत. बावन्न किलोला 65 ते 80 ग्रॅम होतात. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर दाणे आणि चार भाकऱ्या यांत ती सहज बसतात. वाढीच्या काळात आठवड्याचं पळणं थोडं कमी करावं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. झोपेत कपात केलीत तर सगळं मुसळ केरात.

डबाबंद ‘गेनर’ पावडरींत बहुतेक वेळा साखर आणि दूध पावडरच जास्त असते. सातूचं पीठ, दूध आणि गूळ यांत तेच काम स्वस्तात होतं. पण पंधरा दिवसांत गाल भरून देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्यात स्टेरॉइड असलं तर फुगतं ते पाणी आणि चरबी, आणि हाडं आणखी ठिसूळ होतात. स्पर्धक असाल तर उत्तेजक चाचणीत अडकण्याची भीती वेगळीच. शरीरात काय गेलं याची जबाबदारी तिथं खेळाडूवरच असते.

‘वजन वाढलं तर मी स्लो होईन’ ही भीती प्रत्येकाला असते. अंगात नुसती चरबी चढली तर ती खरी ठरते. पण उपाशी शरीराचं पोट भरलं, पायात ताकद आली, तर सराव न चुकता होतो, दुखापतीत महिने जात नाहीत आणि वेळ सुधारते ती त्यामुळे. म्हणून काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी बघा. त्याच्या शेजारी चार गोष्टी लिहा: झोप कशी लागली, पाळी वेळेवर आली का, कुठं दुखतंय का आणि शेवटच्या किलोमीटरला पाय उचलत होते का. त्या वहीवाल्या मुलाचं वजन अजून 55 ला पोचलेलं नाही, पण नडगीचं दुखणं थांबलंय आणि पळून आल्यावर त्याला आता भूक लागते. मी त्याला सांगितलंय, राहिलेले किलो येतील मागोमाग. शरीराची उधारी एकदम फिटत नाही.