बोनसवर वेगळा कर नसतो

दिवाळीच्या तोंडावर बोनस खात्यात जमा झाला की ऑफिसाऑफिसांत एकच तक्रार सुरू होते : "बोनसवर सरकार जास्त टॅक्स लावतं." काही जण छातीठोकपणे आकडाही सांगतात, सरसकट तीस टक्के. वर्षानुवर्षं रिटर्न भरणारी, शिकलीसवरलेली माणसंही हे बोलतात, म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. आपल्या प्राप्तिकर कायद्यात बोनससाठी वेगळा दर नाही. नोकरीपोटी मालकाकडून पगाराव्यतिरिक्त मिळणारी रक्कमही 1961 च्या कायद्यानुसार पगारातच मोजली जाते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण हे तत्त्व बदललेलं नाही. बोनस हा पगार आहे आणि त्यावर पगाराचाच कर लागतो.

मग सॅलरी स्लिपवर त्या महिन्यात एवढी कपात का दिसते? याचं उत्तर आकडेमोडीत आहे. आर्थिक वर्ष 2025-26 चे नव्या करप्रणालीचे दर धरू. महिना सव्वा लाख, म्हणजे वर्षाला 15 लाख पगार. त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न उरतं 14 लाख 25 हजार. पहिल्या 4 लाखांवर कर नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के आणि 12 लाखांच्या वरच्या सव्वादोन लाखांवर 15 टक्के. 4 टक्के उपकर धरून वर्षाचा कर होतो 97,500 रुपये, महिन्याला 8,125. पगाराच्या साडेसहा टक्के. आता दीड लाख बोनस मिळाला. करमाफ 4 लाख, 5 टक्क्यांचा टप्पा, 10 टक्क्यांचा टप्पा हे सगळे पगारानेच भरून गेले आहेत. त्यामुळे हा दीड लाख अख्खा 15 टक्क्यांच्या टप्प्यात पडतो आणि उपकरासह 23,400 रुपये कर लागतो. पगारावर साडेसहा टक्के आणि बोनसवर 15.6 टक्के, हा फरक डोळ्यांना दिसतो आणि त्यातून 'बोनसवर जादा कर' हा समज पक्का होतो. पण हाच दीड लाख दरमहा साडेबारा हजारांची पगारवाढ म्हणून मिळाला असता तरी वर्षाचा कर 1,20,900 रुपयेच झाला असता. पगारवाढ म्हणून आलेल्या रुपयाला जो दर, तोच बोनसच्या रुपयाला. फक्त पगारवाढीवरची कपात बारा महिन्यांत विखुरली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे : कर वर्षाचा असेल, तर एकाच महिन्यात का कापता? मालकाने वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर सरासरी दराने कर कापावा, असं जुन्या कायद्याचं कलम 192 सांगत होतं. त्याच कलमात आधीची कमी-जास्त कपात वर्षभरात जुळवून घेण्याची मुभाही होती. म्हणून काही कंपन्या बोनसचा सगळा कर त्याच महिन्यात कापतात, काही उरलेल्या महिन्यांत विभागतात. हातात येणाऱ्या रकमेचा महिना बदलतो, कराची एकूण रक्कम बदलत नाही. आणि कंपनीने हा कर कापलाच नाही, तर व्याज तिच्या डोक्यावर बसतं. अकाउंट्समधल्या माणसावर राग काढण्यात अर्थ नाही.

दुसरा समज याहून घातक आहे, कारण त्यापायी लोक बोनस पुढच्या वर्षी द्या म्हणून विनवण्या करतात : बोनसमुळे स्लॅब बदलला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागतो. साफ चूक. वरच्या उदाहरणात बोनस 2 लाख धरा. करपात्र उत्पन्न 16 लाख 25 हजार होतं आणि 20 टक्क्यांचा दर लागतो तो फक्त वरच्या 25 हजारांवर. वाढीव कर 32,500 रुपये, हातात उरतात 1,67,500. स्लॅब ओलांडल्याने नुकसान झालेलं नाही.

तरीही एका चिंचोळ्या पट्ट्यात तक्रार खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर 60 हजारांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत. नेमका एवढाच पगार असलेल्याला 50 हजार बोनस मिळाला, तर ती सूट जाते. सीमांत सवलतीमुळे कर वाढीव उत्पन्नापेक्षा जास्त होत नाही, पण इथे तो 50 हजारच होतो आणि त्यावर उपकराचे 2 हजार वेगळे. बोनस अख्खा जातो, वर पदरचे 2 हजार भरावे लागतात. करपात्र उत्पन्न साधारण 12 लाख 70 हजारांच्या पुढे गेलं की ही कोंडी सुटत जाते. हा दोष बोनसचा नाही, सूट एका रेषेवर संपवण्याचा आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा. तोवर या पट्ट्यातल्यांनी मालकाकडून एनपीएस या पेन्शन योजनेत वर्गणी भरून घेण्याचा पर्याय विचारावा. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत ती नव्या प्रणालीतही वजा होते.

बाकीचे समज थोडक्यात. दिवाळीचं रोख पाकीट 'भेट' म्हणून दिलं तरी करपात्रच. 2025-26 च्या नियमांत वर्षाला 5 हजारांपर्यंतच्या वस्तू आणि व्हाउचर तेवढे माफ. कायद्याने मिळणारा 8.33 टक्के बोनसही करमुक्त नाही. तो घेणाऱ्या बहुतेकांचं उत्पन्नच कराच्या मर्यादेखाली असतं, म्हणून कर कापला जात नाही. बोनसवर सहसा पीएफ कापला जात नाही. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात ती 22 टक्के कपात तिथल्या बोनसवरची आगाऊ कपात आहे, अंतिम कर नव्हे. तिचा हिशेबही वर्षाच्या रिटर्नमध्ये होतो.

स्लिपवरची कपात तपासायचीच असेल, तर वर्षाचा एकूण कर मांडून पाहा. जास्त कापला गेला असेल, तर रिटर्न भरून परत मिळतो. आणि कंपनीने कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसत नसेल, तर मात्र अजिबात गप्प बसू नका, लेखी विचारा.